बांधीत परतणारे पाऊल

पावलाला किंवा घोट्याला दुखापत झाली की चालणे थांबते आणि भंडारा जिल्ह्यात चालण्याबरोबर बहुधा कमाईही थांबते. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा जिल्हा. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत पावसाळ्यात शेतीचा मोठा भार अनवाणी पायांवर असतो. चिखलणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाण्यात उभे राहून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत रोवणी होते. चिखलाखालचा दगड, खुंट किंवा खड्डा दिसत नाही. पाऊल रुतून बसते, अंग वळते आणि घोटा मुरगळतो. पुढे कापणीत विळ्याचा धोका, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचताना जंगलातल्या काट्याखुंटांचा. पावसाआधी कवेलू फेरायला छपरावर चढलेला माणूस घसरून टाचांवर आपटला, तर टाचेचे हाड मोडते आणि कधी कधी त्याच धक्क्याने कण्याच्या मणक्यालाही मार बसतो. उंचावरून टाचेवर पडलेल्याची कंबरही म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, ओढणाऱ्या कंडरा आणि स्नायू मिळून संख्या शंभराच्या वर जाते. सर्वांत जास्त वेळा दुखावतो तो घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, कारण पाऊल सहसा आतल्या बाजूला वळते. या मुरगळण्यात आणि हाड मोडण्यात वरवर फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत सूज येते, दोन्हींत पाय काळानिळा पडतो. एक्स-रे कुणाचा काढायचा हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात आल्यावरही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. घोट्याच्या कोणत्याही बाजूच्या उंचवट्यावर मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, तरीही काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जाणवणारे हाड किंवा आतल्या बाजूचे कमानीवरचे हाड दाबल्यावर कळ आली, तरी तोच सल्ला. हे नियम गावातल्या आशा सेविकेला आणि घरच्या माणसांना माहीत असावेत. लाखांदूरच्या टोकाच्या गावातून भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतची वाट लांबची आहे. ती वाट केव्हा धरलीच पाहिजे, हे त्यांवरून समजते.

गावाकडे पाय मुरगळला की तो ओढून, चोळून ‘बसवण्याची’ रीत आहे. ताज्या दुखापतीत हे टाळावे. फाटलेला अस्थिबंध चोळल्याने आणखी फाटतो आणि हाडाला चीर असेल तर ती सरकते. हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या घालून करकचून बांधलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. बोटे निळी किंवा पांढरी पडणे, बधिर होणे आणि कळ तासागणिक वाढत जाणे या खुणा दिसल्या की बांधलेले सैल करून थेट रुग्णालय गाठावे. प्लास्टर घातलेल्या पायालाही हेच लागू आहे. शेणखताच्या चिखलात झालेली जखम कितीही लहान असली तरी ती स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो: पाय बरा होईपर्यंत माणसाने करायचे काय? जुने उत्तर होते, पडून राहायचे. अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री रूढ केली आणि पुढची कित्येक वर्षे ती जगभर शिकवली गेली. २०१४ मध्ये मर्किन यांनीच आपले मत बदलले. सतत बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते, असे त्यांनी लिहिले. नंतर २०१९ मध्ये ब्लेझ दुबुआ आणि झाँ-फ्रांस्वा एस्क्युलिए या फिजिओथेरपिस्टांनी मऊ ऊतींच्या, म्हणजे स्नायू आणि अस्थिबंधांच्या, दुखापतींसाठी नवी सूत्रे मांडली. पहिले काही दिवस पाय जपणे, उंच ठेवणे, पट्टी बांधणे आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे, हा त्यांचा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात चार गोष्टी येतात: हळूहळू भार देणे, आशा, रक्ताभिसरण वाढवणारी हालचाल आणि व्यायाम. आशेला इथे उपचाराच्या यादीतच जागा मिळाली आहे, कारण बरे होण्याबद्दल रुग्णाची अपेक्षा काय आहे यावर तो प्रत्यक्षात किती बरा होतो हे बऱ्याच अंशी अवलंबून असल्याचे दिसून आले आहे.

शरीरात काय चालते हे कळले की ही आशा पोकळ राहत नाही. पहिले काही दिवस सूज असते. ती दुरुस्तीची सुरुवात आहे. पुढचे काही आठवडे शरीर नवे तंतू विणते, पण ते सैरभैर असतात. त्यांवर बेताचा ताण पडू लागला की ते ताणाच्या दिशेने रांगेत लागतात आणि घट्ट होतात. हाडाचेही असेच आहे. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले की हाड त्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवते. मोडलेल्या जागी दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, साधारण सहा ते बारा आठवड्यांत तो कठीण होतो आणि त्यानंतर कित्येक महिने त्याची घडण चालू राहते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही भीतीने पाय टेकलाच नाही, तर या घडणीला लागणारा भार मिळत नाही. परवानगीआधीच रोवणीला उतरले, तर मऊ जोड हलतो. भंडाऱ्यात दोन्ही चुका घडतात. पहिली घरच्या मायेमुळे होते आणि दुसरी हंगामाच्या निकडीमुळे.

भीतीचा भाग समजून घेण्यासारखा आहे. दुखेल म्हणून हालचाल टाळायची, टाळल्याने स्नायू सुकतात आणि सांधा आखडतो, मग थोडे हलले तरी जास्त दुखते आणि भीती पक्की होते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून हे चक्र तपशिलाने मांडले आहे. ‘आता हा पाय कधीच पहिल्यासारखा होणार नाही’ ही समजूत या चक्राला सर्वाधिक गती देते. ती मोडायला ‘धीर धरा’ म्हणणे पुरत नाही. काल करता न आलेली एखादी लहान गोष्ट आज करता आली, हाच माणसाला पटणारा पुरावा असतो. त्यामुळे उमेद टिकवणे आणि हालचाल चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांत, पाय जमिनीला टेकायची मनाई असतानाही, करण्यासारखे पुष्कळ असते. खाट आतल्या अंधाऱ्या खोलीत न टाकता ओसरीत किंवा दाराशी टाकावी. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की खिडकीतून झाडे दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अंगणातला कडुनिंब आणि येणारे-जाणारे लोक यांचा उपयोग असा मोजण्याइतका असतो. पाय उशीवर छातीपेक्षा वर ठेवावा. बोटे मोकळी असतील तर दर तासाला हलवावीत, मांडीचा स्नायू आवळून सोडावा. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना रक्त हृदयाकडे ढकलतात. ते बंद पडले की पायाच्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता वाढते. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा श्वास लागला, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

चांगला पाय या काळात आळशी ठेवू नये. एका बाजूच्या स्नायूंना व्यायाम दिला की दुसऱ्या, न हललेल्या बाजूचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्येच नोंदवले होते. फायदा स्नायूला कमी आणि त्याला हुकूम देणाऱ्या मेंदूला जास्त होतो. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात २०१४ मध्ये झालेला प्रयोग त्याहून पुढे जातो. निरोगी माणसांच्या मनगटाला चार आठवडे प्लास्टर घातले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. ज्यांनी नियमाने स्नायू जोरात आवळल्याची नुसती कल्पना केली, त्यांची सुमारे २४ टक्क्यांनीच घटली. प्रयोग मनगटावर होता, पावलावर नव्हे. तरी खाटेवर बसून डोळे मिटून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालण्याची मनात उजळणी करायला पैसा लागत नाही आणि त्यात धोकाही नाही.

हाताला काम असणे हा उमेदीचा दुसरा आधार. बसून करायच्या कामांची खेड्यात कमी नाही. धान पाखडणे आणि बी निवडणे, दोर वळणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणे, विड्या वळणे ही सगळी पाय पुढे पसरून होणारी कामे आहेत. तलावांच्या या जिल्ह्यात ढिवर समाजाच्या घरांत जाळे विणणे आणि दुरुस्त करणे असतेच. मोहाडी परिसरातल्या कोसा विणकराची अडचण निराळी आहे, कारण मागाच्या पावड्या पायांनीच दाबाव्या लागतात. अशा घरात कांडी भरण्यासारखे काम दुखऱ्या माणसाकडे आणि माग दुसऱ्याकडे, अशी वाटणी बरी. काम लहान असले तरी ते घराला खरोखर लागणारे असावे. नुसता वेळ घालवायला दिलेले काम माणूस ओळखतो आणि त्याने अधिकच खचतो.

रिकामेपणाचा भंडाऱ्यातला सोबती म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा. एरवी दिवसाला एक-दोन पुड्या खाणारा माणूस खाटेवर पडला की तोंड रिकामे ठेवत नाही. तंबाखूतले निकोटीन लहान रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि हाड जुळायला रक्तच लागते. धूम्रपान करणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात हे पक्के ठाऊक आहे. खर्रा आणि विडी दोन्ही या काळात सोडावीत, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. घरच्यांनी पुडी आणून देणे थांबवले तर निम्मे काम होते. आहारात नुसता भात पुरत नाही. तुटलेले विणायला प्रथिने लागतात. ती डाळ, अंडी, दूध, तीळ यांतून मिळतात आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या लहान मासोळीतूनही मिळतात. काट्यासकट खाल्लेली मासोळी कॅल्शियमही देते. धानाच्या ओलाव्यावर घेतलेली लाखोळीची डाळ अधूनमधून खायला हरकत नाही, पण तीच रोजचे मुख्य अन्न करू नये. ती फार प्रमाणात आणि दीर्घकाळ खाल्ल्याने पायांतले बळ जाणारा विकार होतो. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेणे फायद्याचे.

कुबड्या मिळाल्या की माणूस पुन्हा उभा राहतो, आणि पडतोही. भार तळहातांवर घ्यायचा असतो. काखेत आणि कुबडीच्या वरच्या टोकात दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे, नाहीतर काखेतली नस दबून हात बधिर होतो. शेणाने नुकतेच सारवलेले ओले अंगण, न्हाणीघराची फरशी आणि पावसाळ्यातला शेवाळलेला ओटा या तीन जागी सर्वांत जास्त घसरायला होते. कुबडीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर ते लगेच बदलावे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबडी आणि दुखरा पाय आधी. एकाच काठीवर आल्यावर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. लोक नेमके उलटे करतात. उकिडवे बसायचे शौचालय हा या काळातला मोठा अडसर असतो. मध्ये भोक पाडलेली पक्की खुर्ची वर ठेवली तर तो सुटतो आणि माणसाची लाजही राहते.

प्लास्टर निघाल्यावर दिसणारा पाय बारीक, कोरडा, आखडलेला असतो आणि तो पाहून अनेक जण हबकतात. ही अपेक्षित अवस्था आहे. व्यायामाला इथे साधने लागत नाहीत. पाय लांब करून बसावे आणि अंगठ्याने हवेत अ, आ, इ गिरवावेत. त्यात घोट्याच्या सगळ्या दिशा येतात. खांद्यावरचा दुपट्टा तळव्याला अडकवून दोन्ही टोके अंगाकडे ओढावीत आणि पावलाने उलट रेटावे. पुढे भिंतीला हात लावून टाचा उचलणे आणि मग एका पायावर उभे राहणे. शेवटचा व्यायाम सोपा वाटतो, पण तोच बहुतेक जण सोडून देतात. फाटलेल्या अस्थिबंधात पावलाची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूही दुखावलेले असतात. तोल साधण्याचा सराव केल्याशिवाय ते शिकत नाहीत आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दुखण्याबाबत एक व्यवहारी माप आहे: व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कमी झाले, तर चालते. सकाळी जास्त दुखत किंवा सुजत असेल, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून कमी करावे, पण बंद करू नये.

बांधीत परतण्याचा क्रम जमिनीवरूनच ठरवता येतो. आधी अंगण, मग डांबरी रस्ता, मग कोरडे रान. त्यानंतर बांधीचा धुरा. अरुंद आणि थोडासा उंचसखल असलेला धुरा म्हणजे तोल साधण्याच्या सरावाची आयती जागा, मात्र तो कोरडा असताना आणि सोबत कुणी असताना. दुखऱ्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभे राहता आले, उकिडवे बसून उठता आले आणि टाच वारंवार उचलता आली, की चिखलाचा विचार करावा. चिखलात पाऊल उपसताना घोट्यावर पडणारी ओढ रस्त्यावरच्या चालण्याहून पुष्कळ जास्त असते. पहिल्या दिवशी सकाळचे एक-दोन तास बांधीत, बाकी दिवस धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधून देण्यात, असे टोळीत ठरवून घेतलेले बरे.

हे ठरवणे मात्र सगळ्यांच्या हातात नसते. तुमसर तालुक्यातल्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतला कायम कामगार जखमी झाला, तर त्याला कायद्याने भरपाई आहे. रोवणीच्या मजुराला, आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत, घरी बसलेल्या दिवसाचे काहीच मिळत नाही. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांना मदत आहे. सहा आठवड्यांत जुळणाऱ्या हाडाला ती लागू होत नाही. लवकर चिखलात उतरण्याचे खरे कारण बहुतेकदा हे असते, अडाणीपणा नव्हे. बाईच्या बाबतीत आणखी एक अन्याय होतो. तिची मजुरी थांबते, पण चूल, पाणी आणि गोठा थांबत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती तिला मिळते की नाही, हे घरातल्या इतरांनी पाण्याचा गुंड उचलला का, यावर ठरते.

काही पायांना दुखणे कळतच नाही. मधुमेह जुना झाला की तळव्याची संवेदना जाते. पूर्व विदर्भात अजून आढळणाऱ्या कुष्ठरोगातही असेच होते. अशा पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो. त्याने दुखण्यावर भरवसा न ठेवता रोज संध्याकाळी उजेडात, आरशात पाहून किंवा दुसऱ्याला दाखवून तळवे तपासावेत आणि मऊ तळाची पादत्राणे वापरावीत. या भागात सिकलसेलचे रुग्णही आहेत. त्यांनी दुखापतीच्या वेळी आपला आजार डॉक्टरांना आधीच सांगावा आणि पाणी भरपूर प्यावे.

सगळे नीट चालले असतानाही मन खचू शकते. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप लागतात आणि सगळा गाव रात्री बाहेर असतो. तेव्हा एकट्याने घरी राहणे पायाच्या दुखण्याहून जड जाते. ट्रॅक्टरवर बसवून, पाय टेकवायला पोते देऊन त्या माणसाला नाटकाला नेले तर त्याचा पाय बिघडत नाही. झोप उडणे, जेवण नकोसे होणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, तर त्याला आळस म्हणू नये. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

खचलेल्या मनाला पायाच्या दुखापतीतून परतलेल्यांची उदाहरणेही सांगावीत. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर १९८९ मधील पदार्पणापासून सलग ८४ कसोटी सामने खेळला आणि २००१ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे श्रीलंकेच्या दौऱ्याला मुकला. त्यानंतर तो आणखी बारा वर्षे खेळला. मुंबईत वाढलेल्या नर्तकी सुधा चंद्रन यांचा १९८१ च्या अपघातानंतर जखमेत गँगरीन होऊन उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९८४ मध्ये त्या जयपूर फूट बसवून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला तो रबरी पाय मुळातच मांडी घालता यावी, उकिडवे बसता यावे आणि चिखलातून अनवाणी चालता यावे, म्हणून तयार झाला होता.

मुरगळलेला घोटा साधारण सहा आठवड्यांत कामाचा होतो, पण संध्याकाळची सूज काही महिने येत राहू शकते. मोडलेल्या टाचेला वर्षही लागते. या काळात चिखलाचे काम असेल त्या दिवशी घोट्याला पट्टी बांधावी, एका पायावर उभे राहण्याचा सराव रोवणी संपल्यावरही चालू ठेवावा आणि सहा आठवड्यांनंतरही पाय भार घेत नसेल किंवा चालताना घोटा वारंवार सटकत असेल, तर पुन्हा तपासून घ्यावे.